केरबातात्याचा काळा गूळ

केरबातात्याच्या गुळात साखर नव्हती. हे इतकं पक्कं माहीत असलेला त्याच्याशिवाय गावात मी एकटाच माणूस होतो, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. वर्षातून दोनदा जोतिबाच्या डोंगरावर जातो, तिथं हात जोडून उभा राहिलो तरी हा विषय मनात वर येऊ दिलेला नाही.

आणखी एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना गैरसमज नको. मला केरबातात्या आवडत नव्हता. माणूस मेला की लोक त्याला चांगला करून टाकतात. तसा तो माझ्या मनात अजून झालेला नाही. तो तोंडाचा घाणेरडा होता, मनात डूख धरणारा होता आणि चारचौघांत माणसाला उघडं पाडण्यात त्याला सुख मिळायचं. त्यानं मला उघडं पाडलं होतं. त्याबद्दल मी जे केलं ते मात्र त्याच्या सगळ्या शिव्यांपेक्षा मोठं होतं.

शाहूपुरीतल्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. शेतकरी गुळाचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, आणून आमच्या दुकानापुढं मांडतात. सकाळी व्यापारी येतात, लोखंडी सळीनं रवा टोचून आतला रंग बघतात आणि बोली लावतात. याला सौदा म्हणतात. पिवळाधमक निघाला तर पहिला नंबर, तांबूस निघाला तर दुसरा, काळपट निघाला तर तिसरा. नंबरावर भाव. नंबर व्यापारी सांगतो, लिहितो मी. राधानगरी रस्त्यावरचं, भोगावतीच्या काठचं आमचं गाव. केरबातात्याचं घर आमच्या घरापासून चौथं.

बुटका माणूस, खांदे मात्र बैलासारखे रुंद. उजव्या हाताची तीन बोटं बघण्यासारखी होती. चाळीस वर्षं उकळत्या काहिलीतला, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतला, पाक बोटावर घेऊन घेऊन त्यांच्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. काचेसारखी गुळगुळीत बोटं. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा त्याचं एकही बोट मशीन घेईना. दुकानदार पोरगेला होता. म्हणाला, "तात्या, तुमचं बोट लागंना. उद्या या."

"उद्या काय नवं बोट उगवणार हाय व्हय रं?"

"मशीनला रेघ लागत्या तात्या."

"माजी रेघ काहिलीत पडल्या. जा, तितनं काढून आण."

रांगेतली माणसं हसली. तात्या हसला नाही. तो कधीच हसायचा नाही, दुसऱ्याला हसवूनसुद्धा त्याच्यावरच खवळायचा. "तुमी कशापाय दात काढताय? तुमच्या बोटास्नी रेघा हायत म्हंजे तुमी कामं केली न्हाईसा." धान्य त्या दिवशी मिळालं नाहीच.

गावातल्या प्रत्येकाला त्यानं एक नाव ठेवलं होतं आणि ते तो तोंडावर घ्यायचा. सरपंच म्हणजे 'फ्लेक्स'. पतसंस्थेचा सचिव म्हणजे 'गोचीड'. मी 'दिवाणजी'. ते माझं हुद्द्याचंच नाव, पण त्याच्या तोंडून आलं की ती शिवी व्हायची. दुकानात आला तर बसायचा नाही. चहा दिला तर घ्यायचा नाही. म्हणायचा, "तुमचा च्या माज्या तुटीवर उकळतोय." तूट म्हणजे वजनात धरायची कपात. त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

पण गुऱ्हाळावर तो वेगळा माणूस असायचा. चांगला नव्हे, वेगळा.

चार घरांचं मिळून ते गुऱ्हाळ. तात्या, सर्जेराव, महादू आणि बंडा. कुणाचा तीस गुंठे ऊस, कुणाचा एकर. एवढ्याशा तुकड्यावर कारखान्याची तोडणीची टोळी वेळेत येत नाही, ऊस वाळायला लागतो. मजूर लावून गूळ करावा तर मजुरीच गुळाच्या वर जाते. म्हणून या चौघांनी पैरा धरला होता. आज माझ्या उसाला तुम्ही राबायचं, उद्या तुमच्या उसाला मी. पैशाचं नाव नाही, दिवसाला दिवस. एकजण ऊस तोडणार, एकजण चरकावर, एकजण काहिलीखालच्या चुलवाणात जाळाला चिपाडं घालणार, आणि काहिलीवर कायम तात्या. ऊस कुणाचाही असो, गूळ त्याच्या हातचा.

पाक आटत आला की शेवटची पंधरा मिनिटं तिथं कुणी बोलायचं नाही असा त्याचा नियम होता. फोन वाजला तर तो हातातला झारा फेकून मारायचा, आणि हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या कडेवर मारायची. 'टण्ण' असा आवाज आला की ओरडायचा, "उतरा!" एक क्षण उशीर झाला तरी आई-बाप निघायचे. गूळ निववायच्या वाफ्यात पडला की सगळ्यांकडं पाठ करून उभा राहायचा. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नसे.

एकदा सर्जेराव तासभर उशिरा आला. लेकीला बघायला पाहुणे येणार होते, त्याची धावपळ होती. तात्यानं त्याला बांधावरूनच परत फिरवलं. "जा. पावण्यास्नी च्या पाज. आजचा तुजा दीस मोडला, तेच्या बदली दोन भरायचं." सर्जेराव रडकुंडीला आला. पुढं दोन वर्षांनी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या वाट्याचे अकरा दिवस तात्यानं चुलवाण पेटवलं. वर काहिलीवर उभं राहायचं आणि मधेच खाली उतरून जाळ घालायचा. सर्जेराव हात जोडून गेला तर म्हणाला, "हात सोड. मी काय देवळात बसलोय व्हय? अकरा दीस हायत तुज्याकडं. ध्येनात ठेव." आणि ते त्यानं खरंच वसूल करून घेतले, एकही दिवस सोडला नाही. सर्जेराव आजही सांगताना म्हणतो, तात्यानं उपकार केला नाही म्हणून मला त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली नाही.

त्याचा गूळ काळा होता. पूर्वी सगळ्यांचाच तसा असायचा. नंतर पावडर आली. उकळत्या पाकात चिमूटभर टाकली की गूळ सोन्यासारखा पिवळा होतो, पहिल्या नंबरात जातो. अंगाला बरी नाही हे सगळ्यांना माहीत, तरी सगळे टाकतात. न टाकून भाव कोण देतो? तात्या टाकत नव्हता. यात फार मोठं तत्त्व होतं असं मला वाटत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून काही करायचं हेच त्याच्या रक्तात नव्हतं. त्याचे तिन्ही पैरेकरी मनातून कुरकुरायचे, पण काहिलीवर तो उभा असताना डबा उघडायची कुणाची छाती नव्हती.

आता ती सकाळ. भाव तेव्हाही पडलेलाच होता. दुकानापुढं तात्याचे रवे मांडलेले. एका व्यापाऱ्यानं सळी घातली, बाहेर काढली, आणि नाक मुरडून म्हणाला, "हा गूळ हाय का शेणी?"

तात्यानं सळीवरचा तुकडा काढून त्याच्या तोंडासमोर धरला. "पावणं, तोंडात घाला. गूळ डोळ्यानं खात्यात व्हय तुमच्यात?"

"मी खाऊन काय करू? गिऱ्हाईक रंग मागतंय."

"मग रंगाचं दुकान घाला की. हितं कशापाय आलासा?"

सौद्यातली माणसं हसली. व्यापारी चिडला. म्हणाला, "तिसरा. लिहा दिवाणजी."

मी पेन उचललं. तात्या माझ्याकडं वळला. पन्नास-साठ माणसं तरी असतील, हमाल, शेतकरी, व्यापारी, आमचे शेठ.

"लिव दिवाणजी. लिव तिसरा. तुज्या बाचा गूळ ह्याच रंगाचा हुता. त्योच गूळ इकून तुला कालेजात घातल्यालं. तवा लिव, बाला तिसरा नंबर लिव. आन् बाचा लेक कितवा, त्ये बी लिव."

मी लिहिलं. त्यानंतर वर्षभर तरी हमाल मला यार्डात "लेक कितवा?" म्हणून चिडवत होते. वडलांचा गूळ त्याच रंगाचा होता. वडील गेल्यावर माझ्या वाटणीची वीस गुंठे जमीन मी भावाला कसायला दिली आणि परत बांधावर पाय ठेवला नाही. तात्या जे बोलला ते खरं होतं आणि म्हणूनच ते मी विसरलो नाही.

त्याच्या पुढच्या हंगामात भाव आणखी खाली गेला. गूळ यार्डात आणायचं भाडं सुटंना. प्रत्येकानं आपापली वाट काढली. कुणी काहिलीत पावडर वाढवली. कुणी स्वस्तात साखर आणून गुळात ओतू लागलं, वजन वाढतं आणि रंगही उजळतो. कुणी ऊस बैलांना घातला. सर्जेरावानं दोन म्हशी वाढवल्या आणि दूध डेअरीला घातलं. तात्यानं जे केलं ते आमच्या गावात कुणी केलं नव्हतं. त्यानं सौदाच सोडला.

दहा किलोच्या रव्याऐवजी तो एक-एक किलोच्या भेल्या पाडायला लागला. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, वाट्या आणल्या, त्यात गूळ ओतायचा. त्या भेल्या टेम्पोत घालून चौघे थेट जोतिबाला जायचे. तिथल्या प्रसादाच्या दुकानदारांना हा गूळ चालला. भाविक घरी न्यायला लागले. काळा गूळ म्हणजे बिनपावडरीचा हे शहरातल्या माणसाला कळायला लागलं होतं. जो रंग यार्डात तिसरा होता त्याला डोंगरावर मान मिळाला. अडत नाही, तूट नाही, सौदा नाही. सर्जेरावाची बायको आमच्या घरी येऊन सांगून गेली, पहिल्यांदाच उसाचे दोन पैसे हातात दिसले म्हणून. गावातली आणखी सहा-सात घरं तात्याकडं चौकशीला जायला लागली. तो त्यांना शिव्या द्यायचा आणि मग वाट्या कुठं मिळतात ते सांगायचा.

आमच्या दुकानात माल कमी यायला लागला. शेठ एक-दोनदा म्हणाले, "तुमच्या गावाला काय झालं हो?" एवढंच.

त्याच सुमारास तात्या एका दुपारी दुकानात आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "दिवाणजी, साकरंची रिकामी पोती हायत का?"

शेजारच्या गाळ्यात शेठच्या भावाचा साखरेचा धंदा होता. रिकामी पोती पडूनच असायची. विचारलं, "कशाला?"

"टेम्पोत आथरायला. भेल्यास्नी धूळ लागत्या. धून, उलटी करून घालतो."

मी वीस-बावीस पोती बांधून दिली. त्यानं खिशातून एक भेली काढून माझ्या वहीवर ठेवली. "फुकाट न्हाय न्हेत." आणि गेला. ती भेली मी घरी नेली. महिनाभर आमच्या घरात तोच गूळ चालला. बायको म्हणायची, मामंजींच्या वेळचा गूळ आहे हा. मी पोळीबरोबर दुसऱ्यांदा मागून घ्यायचो.

आणि मग पंधरा दिवसांनी जोतिबाचा एक दुकानदार काही कामानं यार्डात आला. ओळखीचा होता. माझ्या टेबलाशी टेकून म्हणाला, "तुमच्या गावच्या केरबाचा माल घेतोय आम्ही. यात्रेला लई लागणार. माणूस कसा हाय?"

हे मी नीट लिहितो, कारण बरीच वर्षं मी स्वतःलाच ते वाकडं करून सांगत आलो. शेठनं सांगितलं म्हणून मी बोललो, असं. शेठनं सांगितलं नव्हतं. शेठ फोनवर बोलत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. मी माझ्या मनानं बोललो.

मी म्हणालो, "माणूस कडक हाय. गुळातला हात बी चांगला हाय. खरं..."

"खरं काय?"

"न्हाय, काय न्हाय. अलीकडं गुऱ्हाळावर साखरेची पोती दिसत्यात. तुम्ही बघून घ्या म्हंजे झालं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं. एवढंच झालं. पोती दिसत होती हे खरंच होतं. गुऱ्हाळावर तारेवर वाळत घातलेली असायची, रस्त्यावरनं दिसायची.

तिसऱ्या दिवशी टेम्पो भेल्यांसकट परत आला. डोंगरावरच्या एकाही दुकानदारानं माल उतरवून घेतला नव्हता. देवाच्या दारात साखर घातलेला गूळ विकतोय म्हणून एकानं तात्याच्या तोंडावर सुनावलं होतं. यात्रा चार दिवसांवर आली होती. चौघांचा सगळा ऊस त्या भेल्यांत होता.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात माणसं जमली. मी कामावरून येत होतो, गर्दी बघून थांबलो. खरं तर निघून जायला हवं होतं. महादू ओरडत होता, "काहिलीवर तूच हुतास. आमी कुनी हात लावला न्हाय. साकार आली कुटनं मग?" बंडा तर तात्याच्या अंगावर गेला, लोकांनी धरला. सर्जेराव तेवढा गप्प बसला होता, आणि ते जास्त वाईट दिसत होतं. तीन संसारांचा हंगाम त्या टेम्पोत उभा होता आणि त्या तिघांना कुणावर तरी राग काढायचा होता.

तात्या मधोमध उभा होता. त्याच्या पायाशी भेल्यांची पाटी.

"पोती रिकामी हुती," तो म्हणाला. "आथरायला आणल्याली. ह्या दिवाणजीनं दिली. त्यो बगा त्यो हुबा हाय. इचारा त्येला."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"ये की पुढं," तात्या म्हणाला. "पोती कशी दिलीस? रिकामी का भरल्याली?"

मी म्हणालो, "मी दिली ती रिकामीच."

मंडपात जरा कुजबुज झाली. तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण जोतिबाच्या दुकानदाराला कुणी सांगितलं हा प्रश्न आता कुणीही विचारला असता. आणि त्याच्या आधीच मी पुढचं वाक्य बोललो.

"पुढं त्यात काय भरून आणलं ते मला काय ठाऊक?"

तात्यानं एक भेली उचलली, दगडी खांबावर आपटून फोडली आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"हे बग. माजं तुजं पटत न्हाय. तू माज्या बाजूनं कवाच बोलणार न्हाईस, हे हितल्या समद्यास्नी ठावं हाय. म्हणूनच तुला सांगतो. तू म्हणशील त्ये हे लोक मानतील. सत्तावीस वर्सं सौद्यात काडलीस. चाक आन् सांग. साकार हाय का न्हाय?"

मंडप गप्प झाला. इतका गप्प की मला गुऱ्हाळावरची ती शेवटची पंधरा मिनिटं आठवली.

साखर घातलेला गूळ बोटांत चुरला की त्याचा कोरडा भुगा होतो. खरा गूळ बोटाला चिकटतो. मी चुरला. चिकटला. जिभेवर ठेवला. महिनाभर घरात खाल्लेली चव होती. शंकेला जागाच नव्हती. नुसतं 'न्हाय' म्हणायचं होतं. त्या माणसानं उभ्या गावात आपला न्याय आपल्या वैऱ्याच्या हातात दिला होता, आणि वैऱ्याच्या तोंडून खोटं निघणार नाही असं त्याला मनापासून वाटत होतं. मला कुणी इतकं मोठं कधी मानलेलं नाही, ना त्याच्या आधी, ना नंतर.

मी म्हणालो, "नुसतं चाखून छातीठोक सांगता येत नाही, तात्या."

बस्स. माणसांना एवढं पुरलं. बंडानं पाटीला लाथ घातली. महादू म्हणाला, "पैरा मोडला. उद्यापास्नं ज्येचं त्येनं." सर्जेराव उठला आणि तात्याकडं न बघता घरी गेला. तात्या खाली बसून फरशीवरच्या भेल्या गोळा करायला लागला. मला वाटलं आता शिवी येईल. त्याच्याकडं माझ्यासाठी शिव्यांची काय कमी होती? आली नाही. त्यानं एकदाच वर बघितलं आणि त्या बघण्यात राग नव्हता. त्याला कळलं होतं. दुकानदाराला कोण बोललं, कशासाठी बोललं, सगळं कळलं होतं. तरी तो बोलला नाही. त्या क्षणापासून तो मला 'दिवाणजी' म्हणायचाही बंद झाला. नाव घेण्याजोगा मी उरलो नव्हतो.

त्या भेल्या शेवटी आमच्याच दुकानात आल्या. महादू आणि बंडा घेऊन आले. व्यापाऱ्यानं वितळवायच्या भावात घेतल्या.

चार घरांचं गुऱ्हाळ एका माणसाला चालवता येत नाही. पुढच्या वर्षी तात्यानं आपला तीस गुंठे ऊस वरच्या गावच्या मोठ्या गुऱ्हाळावर नेला. तिथला गुळव्या, काहिलीवरचा माणूस, वेगळा, तिथली रीत वेगळी. आणि एका सकाळी मी दुकानाची वही उघडतोय तोवर तात्या समोर. हमाल त्याचे रवे मांडत होते.

पिवळे. पिवळेधमक.

व्यापाऱ्यानं सळी घातली. तोच व्यापारी. खूश झाला. "बघा, आता कसा! आधीच ऐकलं असतं तर? पहिला. लिहा दिवाणजी, पहिला नंबर."

तात्या माझ्या टेबलापाशी आला. वाकून मी नंबर कसा काढतोय ते बघितलं. हळू आवाजात म्हणाला, फक्त मला ऐकू येईल असं, "आता चाकायला लागत न्हाय न्हवं?"

मी मान वर केली नाही. हिशोबाची पट्टी फाडून पुढं केली. त्यानं घेतली. नंतर तो यार्डाच्या कडेला हमालांच्या नळावर गेला. मी दुकानातून बघत होतो. तो हात धूत होता. पुन्हा पुन्हा. नळाखाली तीच तीन बोटं धरून, दुसऱ्या हातानं चोळत, वास घेऊन बघत, पुन्हा नळाखाली धरत. मागं पाणी भरायला हमाल थांबले होते. एकजण म्हणाला, "म्हाताऱ्या, आंघोळ करतोस का काय?" तात्या चोळत राहिला. मग धोतराला हात पुसून फाटकाकडं चालत गेला. यार्डात मी त्याला बघितलं ते शेवटचं.

पावसाळ्यात तो काविळीनं गेला. तेराव्याला मी गेलो होतो. जाणं भागच होतं, भावकीसारखं घर. पंगतीत माझ्या शेजारी सर्जेराव बसला. जेवता जेवता म्हणाला, "तात्या कडू माणूस. खरं गुळाला त्येच्यासारका हात पुन्यांदा न्हाय. येकदाच मेल्याची बुद्धी फिरली आन् साकार घातली. त्येचं मला अजून बी वाईट वाटतंय बग." तात्याची बायको वाढत होती. तिनं ते ऐकलं. तिचा हात पातेल्यात थांबला, मग पुढच्या पानाकडं गेला. नवऱ्यानं साखर घातली हे तिलाही आता खरं वाटत असावं, किंवा नाही म्हणून थकली असावी. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. मी म्हणालो, "भात आणा."

सर्जेराव म्हशींवर आहे. महादू आणि बंडा पावडर घालून गूळ करतात आणि माझ्याच दुकानात आणतात. मी त्यांना पहिला नंबर लिहितो. भाव तेवढाच पडलेला आहे.

माझ्याकडं जे देणं आहे ते असं. सर्जेराव, महादू आणि बंडा या तिघांच्या पुढं, आणि तात्याच्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात, मंडपात उभं राहून मी सांगायचं आहे की केरबातात्याच्या गुळात साखर नव्हती आणि आहे असं बोलणारा मी होतो. हे मी इथं लिहिलं. तिथं अजून बोललेलो नाही.